अपडेट अडला म्हणून संगणक पुसून टाकू नका

दुकानातील लिनक्स संगणकावर नवी पॅकेजेस चढत नसतील तर काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि काय मुळीच करू नये

संगणक आता व्यापाऱ्याचा मुनीम झाला आहे. खरेदी-विक्रीची बिले, जीएसटीचा हिशेब, उधारीचे खाते, कारागिरांची मजुरी, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन क्रमांक हे सर्व त्याच्या पोटात असते. पूर्वी चोपडी कपाटात कुलूपबंद असायची. आज तीच चोपडी एका यंत्रात आहे आणि ते यंत्र दिवसभर इंटरनेटला जोडलेले असते. तेव्हा त्या यंत्राची देखभाल ही चैन नसून व्यापाराची गरज होय.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविले. विंडोज ११ ला जी सुरक्षा-चिप आणि जो प्रोसेसर लागतो, तो अनेक जुन्या संगणकांत नसतो. अशी धडधाकट यंत्रे भंगारात टाकण्याऐवजी त्यांवर उबुंटू, लिनक्स मिंट किंवा डेबियन यांपैकी एखादी लिनक्स प्रणाली बसविणे हा किफायतशीर मार्ग आहे. या प्रणाली विनामूल्य मिळतात आणि जुन्या यंत्रावरही चालतात. मात्र काही महिन्यांनी एक अडचण हमखास येते. संगणक सांगतो की अपडेट आला आहे; आपण बटण दाबतो; आणि पडद्यावर न समजणाऱ्या ओळी येऊन काम थांबते.

अशा वेळी तीन चुकीचे इलाज सर्रास केले जातात. पहिला म्हणजे दुर्लक्ष करणे. संगणक चालतो आहे ना, मग राहू द्या. दुसरा म्हणजे कारागिराला बोलावून संगणक फॉरमॅट करून घेणे. त्यात हिशेबाची प्रत घेतलेली नसेल तर वर्षाची मेहनत एका तासात जाते. तिसरा इलाज सर्वांत घातक आहे. कोठेतरी वाचलेली एखादी आज्ञा देऊन तपासणीच बंद करून टाकणे, म्हणजे अडथळा जातो आणि त्याबरोबर राखणदारही जातो.

खरे पाहता अडलेल्या अपडेटची कारणे मोजकी आहेत आणि संगणक ती स्वतःच सांगत असतो. ती वाचण्याची सवय लागली तर दहापैकी बहुतेक वेळा दुकानदाराला स्वतःच वाट काढता येते.

अपडेट कशासाठी हवा?

नवे रूप आणि नव्या सोयी हा अपडेटचा एक भाग झाला. महत्त्वाचा भाग म्हणजे सॉफ्टवेअरमधील सापडलेली भगदाडे बुजविणे. याचे मोठे उदाहरण २०१७ सालचे आहे. विंडोजमधील एक भगदाड बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ रोजी, त्याच भगदाडातून वॉनाक्राय नावाचा हल्ला झाला. त्याने फायलींना कुलूप लावले आणि ते उघडण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्यांनी दुरुस्ती चढविली होती त्यांचे संगणक त्या दारातून बचावले. हा हल्ला लिनक्सवरचा नव्हता, परंतु धडा सर्वांसाठी एकच आहे. दुरुस्ती जाहीर झाली की भगदाड कोठे आहे हे चोरालाही कळते. त्या दिवसापासून मुदत मोजायची.

माल कसा येतो ते आधी समजून घ्या

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपाने येते. उबुंटू, मिंट आणि डेबियन या तिन्हींत हे काम ॲप्ट नावाचा कारभारी करतो. त्याच्या हाताखाली डीपीकेजी नावाचा हमाल असतो. कारभारी माल मागवितो, हमाल गाठ सोडून माल जागेवर लावतो.

आपल्या धंद्यातील रीत आठवा. घाऊक व्यापाऱ्याकडून आधी मालाची यादी येते. यादीवर त्याची सही-शिक्का असतो. आपण मागणी करतो, मग गाठी येतात. बिल्टी आणि बिल समोर ठेवून आपण गाठीची रुजुवात करतो आणि मगच माल फडताळात लागतो. शेवटी साठ्याच्या वहीत नोंद होते.

ॲप्टची रीत हीच आहे. संगणकात एका फायलीत पत्ते लिहिलेले असतात की माल कोणत्या पेढीवरून आणायचा. जुन्या आवृत्त्यांत ती फाईल सोर्सेस डॉट लिस्ट या नावाची असते, उबुंटू २४.०४ पासून उबुंटू डॉट सोर्सेस नावाची वेगळी फाईल आली. ‘अपडेट’ ही आज्ञा दिली की फक्त ताजी यादी येते. त्या यादीवर डिजिटल सही असते आणि ती पडताळण्याची किल्ली आपल्या संगणकात आधीच ठेवलेली असते. यादीत प्रत्येक पॅकेजचा एक ठसा दिलेला असतो. ‘अपग्रेड’ ही आज्ञा दिली की पॅकेजेस येतात, प्रत्येकाचा ठसा यादीशी जुळवला जातो आणि मग डीपीकेजी ती बसवून आपल्या वहीत नोंद करतो.

म्हणजे पायऱ्या अशा: पत्ता, वाट, यादी, सही, गाठ, जागा, नोंद. अपडेट अडतो तो या सातांपैकी कोणत्या तरी एका पायरीवर. कोणत्या, एवढेच शोधायचे आहे.

आधी वाचा, मग हात लावा

चित्रांच्या खिडकीतून अपडेट करताना कारण नीट दिसत नाही. म्हणून टर्मिनल उघडावे. त्यात ‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा लिहावी. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहायच्या. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲप्ट म्हणजे ए-पी-टी. पासवर्ड लिहिताना पडद्यावर अक्षरे उमटत नाहीत, त्याने गोंधळू नये.

आता ओळींच्या सुरुवातीचे शब्द पाहावेत. ‘हिट’ म्हणजे यादीत बदल नाही. ‘गेट’ म्हणजे नवी यादी आणली. ‘एर’ म्हणजे त्या पेढीवरून यादी आली नाही. शेवटी ‘डब्ल्यू’ने सुरू होणारी ओळ ही ताकीद असते आणि ‘ई’ने सुरू होणारी ओळ ही चूक असते. चुका दहा दिसल्या तरी घाबरू नये. पहिली चूक वाचावी. पुढच्या नऊ बहुतेक तिच्याच पोटातून आलेल्या असतात. मोबाईलने पडद्याचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे दुसऱ्याला विचारताना नेमके शब्द हाती असतात. बसविताना झालेल्या चुकीचा पूर्ण मजकूर संगणकही जपून ठेवतो; तो व्हार, लॉग, ॲप्ट या कप्प्यातील टर्म डॉट लॉग फायलीत मिळतो.

आणि कशालाही हात लावण्यापूर्वी हिशेबाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर घ्यावी. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय असते, पण ती प्रणालीच्या फायली जपण्यासाठी आहे. आपल्या हिशेबाची प्रत आपणच वेगळी घ्यायची असते.

वाट बंद असेल तर

‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ किंवा ‘कुड नॉट रिझॉल्व्ह’ असे शब्द आले तर संगणकाला पेढीचे नाव ठाऊक आहे पण तिचा पत्ता सापडत नाही. आधी ब्राउझरमध्ये एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल तर दोष इंटरनेट जोडणीचा किंवा राउटरचा आहे. लिनक्सला बोल लावू नये. बाकी सर्व उघडते आणि एकच पेढी सापडत नाही, असे असेल तर ती पेढी तरी बंद पडली आहे, नाहीतर कायमची हलली आहे. त्याविषयी पुढे येईल.

हॉटेल, वसतिगृह किंवा बाजारपेठेतील सामाईक वायफायवर एक वेगळीच गंमत होते. तेथे आधी लॉगिनचे पान भरावे लागते. ते भरले नसेल तर ॲप्टला यादीऐवजी लॉगिनचे पान मिळते. मग तो ‘नोस्प्लिट’ असा शब्द दाखवून विचारतो की या जाळ्याला ओळखपत्र लागते काय. ब्राउझर उघडून लॉगिन केले की काम होते.

कधी कधी जवळची पेढी तात्पुरती मंद असते. भारत निवडून उबुंटू बसविले तर माल भारतासाठी ठरलेल्या पत्त्यावरून येतो. तो पत्ता सतत अडत असेल तर ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ या खिडकीत ‘डाउनलोड फ्रॉम’ समोर ‘मेन सर्व्हर’ निवडावे. यात कसलाही धोका नाही, कारण माल कोणत्याही पेढीवरून आला तरी सही एकच तपासली जाते.

‘हॅश सम मिसमॅच’ असे आले तर यादीतील ठसा आणि आलेला माल जुळला नाही. पेढीवर त्याच वेळी नवा माल लागत असेल, किंवा मधल्या एखाद्या यंत्राने शिळी प्रत दिली असेल, तर असे होते. काही तास थांबून पुन्हा प्रयत्न करावा किंवा पेढी बदलावी. ठसा जुळत नसताना माल स्वीकारला गेला नाही, ही तर समाधानाची गोष्ट आहे.

घड्याळ पाहा

जुन्या संगणकात हे कारण फार आढळते आणि फार कमी लोकांना सुचते. मदरबोर्डवर रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते. बहुतेक यंत्रांत तिचा क्रमांक सीआर २०३२ असतो. ती संपली की संगणक बंद असताना घड्याळ थांबते आणि सुरू केल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. मग ॲप्ट म्हणतो, ‘रिलीज फाईल इज नॉट व्हॅलिड येट’. म्हणजे यादीवरची तारीख अजून उगवलेलीच नाही! संगणकाच्या हिशेबाने ते खरेच असते. तारीख फार चुकली तर ब्राउझरही सुरक्षित संकेतस्थळे उघडायला नकार देतो.

‘डेट’ ही आज्ञा देऊन तारीख पाहावी. इंटरनेट चालू असेल तर बहुतेक लिनक्स प्रणाली वेळ आपोआप लावून घेतात. तसे होत नसेल तर सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप ठरविण्याची सोय चालू करावी. आणि बॅटरी बदलावी. तिची किंमत चहापाण्याएवढी असते. तेवढ्यासाठी यंत्र बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

गोदाम भरले असेल तर

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ याचा अर्थ उघड आहे. गाठी आल्या पण ठेवायला जागा नाही. ‘डीएफ’ लिहून, जागा सोडून, डॅश आणि एच लिहावे. कोणता कप्पा किती टक्के भरला ते दिसते.

मुख्य कप्पा भरला असेल तर ‘सुडो ॲप्ट क्लीन’ ही आज्ञा द्यावी. तिने बसवून झालेल्या गाठींचे रिकामे बारदान, म्हणजे साठवून ठेवलेली पॅकेजे, निघून जातात. बसविलेले सॉफ्टवेअर तसेच राहते. त्यानंतर ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ द्यावी. जी पॅकेजे आता कोणालाच लागत नाहीत ती ती काढते. काढण्यापूर्वी संगणक यादी दाखवून विचारतो. ती यादी वाचावी आणि मगच होकार द्यावा.

बूट नावाचा छोटा कप्पा वेगळा असेल तर तो जुन्या कर्नेलनी भरतो. संपूर्ण डिस्कला पासवर्ड लावून प्रणाली बसविली असेल तर हा कप्पा वेगळा असतोच. कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर जुना राहतो आणि जागा कमी पडते. येथेही इलाज ऑटोरिमूव्ह हाच. बूटमधील फायली हाताने पुसू नयेत. चालू कर्नेल पुसला गेला तर दुसऱ्या दिवशी संगणक उठणार नाही.

एका वहीत दोन मुनीम

‘कुड नॉट गेट लॉक’ ही चूक दिसली की अनेकांना कुलूप तोडण्याची घाई होते. मुळात ही चूकच नव्हे. डीपीकेजीच्या वहीत एका वेळी एकानेच लिहावे असा नियम आहे आणि त्या क्षणी दुसरे कोणी लिहीत आहे. उबुंटूमध्ये सुरक्षा-दुरुस्त्या पाठीमागे आपोआप चढत असतात. त्याच वेळी आपण आज्ञा दिली तर हे दिसते. चुकीच्या ओळीत कुलूप कोणाच्या हाती आहे त्याचे नाव आणि क्रमांकही दिलेला असतो.

इलाज म्हणजे सबुरी. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. अपडेटची दुसरी खिडकी उघडी असेल तर ती बंद करावी. तरीही सुटत नसेल तर संगणक नीट बंद करून पुन्हा सुरू करावा. कुलपाची फाईल पुसण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो, तो मानू नये. दोन मुनीम एकाच वेळी एकाच पानावर लिहू लागले तर वहीचे काय होते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

मध्येच वीज गेली तर

पॅकेज बसत असताना वीज गेली तर काम अर्धवट राहते. गाठ सोडली, माल पसरला, पण फडताळात लागला नाही. पुढच्या वेळी संगणक म्हणतो, ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’, आणि काय करायचे तेही त्याच ओळीत सांगतो. सुडो, डी-पी-के-जी, मग दोन डॅश लावून कॉन्फिगर, मग एक डॅश लावून ए. ही आज्ञा अर्धवट राहिलेली कामे पुरी करते.

त्यानंतरही ‘अनमेट डिपेंडन्सीज’ असे आले तर एका पॅकेजला लागणारे दुसरे पॅकेज जागेवर नाही. त्यासाठी सुडो, ए-पी-टी, मग दोन डॅश लावून फिक्स डॅश ब्रोकन, मग इन्स्टॉल अशी आज्ञा आहे. येथेही होकार देण्यापूर्वी ‘विल बी रिमूव्हड’ या शब्दांखाली कोणाची नावे आहेत ती पाहावी. आपल्या कामाचे सॉफ्टवेअर त्यात दिसले तर नकार द्यावा आणि जाणकाराला विचारावे.

ज्या गावांत भारनियमन आहे तेथे यूपीएसशिवाय अपडेट करू नये. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली असावी.

एक गोष्ट दोष वाटते पण दोष नसते. ‘केप्ट बॅक’ असे लिहून काही पॅकेजेस मागे ठेवली जातात. उबुंटू काही अपडेट सर्वांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने देते, म्हणजे काही बिघडले तर थोड्यांचेच बिघडावे. आपली पाळी काही दिवसांत येते. जबरदस्ती करण्याचे कारण नाही.

पेढीच बंद झाली असेल तर

आता त्या चुकीकडे वळू जिचा इलाज एका आज्ञेने होत नाही. ‘४०४ नॉट फाउंड’ किंवा ‘डझ नॉट हॅव अ रिलीज फाईल’ असे सर्वच ओळींत दिसू लागले तर बहुधा आपल्या आवृत्तीची मुदत संपली आहे.

प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. उबुंटूची दर दोन वर्षांनी येणारी एलटीएस आवृत्ती पाच वर्षे चालते. मधल्या आवृत्त्या फक्त नऊ महिने. उबुंटू २०.०४ चे नियमित पाठबळ मे २०२५ मध्ये संपले. २२.०४ चे २०२७ पर्यंत आणि २४.०४ चे २०२९ पर्यंत आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण तीन वर्षे आणि त्यानंतर दोन वर्षे दीर्घ पाठबळाखाली चालते. मुदत संपली की काही काळाने माल मुख्य पेढीवरून उचलून जुन्या संग्रहात ठेवला जातो. आपल्या संगणकात मात्र जुनाच पत्ता असतो.

यात माणूस कसा फसतो त्याचे नामी उदाहरण सेंटओएस ७ या प्रणालीचे आहे. अनेक सर्व्हर वर्षानुवर्षे तिच्यावर चालत होते. तिची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्यानंतर पेढ्यांची यादी देणारा तिचा पत्ताच बंद झाला. ॲप्टसारखेच काम तेथे यम नावाचा कारभारी करतो. तो म्हणू लागला की यजमानाचे नाव सापडत नाही. चूक दिसायला इंटरनेटची, म्हणून लोक राउटर आणि डीएनएस तपासत बसले. दोष जोडणीत नव्हताच. ज्या दुकानाचा पत्ता विचारत होते ते दुकानच उठले होते. मुदतीची तारीख ठाऊक असती तर हा शोध एका मिनिटात संपला असता.

जुन्या संग्रहाचा पत्ता घालून अपडेटची चूक घालविता येते. डेबियनचा संग्रह आर्काइव्ह या नावाने आणि उबुंटूचा ओल्ड रिलीजेस या नावाने चालतो. पण लक्षात ठेवा, तेथे जुना माल मिळतो, नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. पडदा हिरवा दिसेल आणि भगदाड तसेच राहील. खरा इलाज म्हणजे नव्या आवृत्तीवर जाणे, आणि तेही एकेक पायरी चढत. उबुंटूत एका एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर, डेबियनमध्ये एका स्थिर आवृत्तीवरून पुढच्या स्थिर आवृत्तीवर. मधल्या पायऱ्या गाळू नयेत. ज्यांना तूर्त शक्य नाही त्यांना उबुंटू प्रो ही योजना आहे. पाच संगणकांपर्यंत ती विनामूल्य असून जुन्या एलटीएसला नियमित मुदतीनंतरही सुरक्षा-दुरुस्त्या देते.

४०४ फक्त एकाच ओळीत असेल तर प्रणाली ठीक आहे. एखाद्या बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी जोडलेली पेढी बंद पडली आहे किंवा तिने आपल्या आवृत्तीसाठी माल ठेवलेला नाही. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये ‘अदर सॉफ्टवेअर’ या पानावर तिच्यासमोरची खूण काढावी. बाकीचा अपडेट सुरळीत होतो.

शिक्का तोडू नका

‘नो पबकी’ असे आले तर सही करणाऱ्याची किल्ली आपल्याकडे नाही. ‘एक्सपकीसिग’ असे आले तर किल्लीची मुदत संपली आहे. बाहेरून जोडलेल्या पेढ्यांबाबत हे अधिक होते, कारण त्या वेळोवेळी किल्ली बदलतात.

येथे फुकटचा सल्ला लगेच मिळतो. पत्त्यापुढे ‘ट्रस्टेड इक्वल्स येस’ लिहा, किंवा ‘अलाऊ अनऑथेंटिकेटेड’ असे आज्ञेत जोडा, की चूक गेली! चूक जाते हे खरे. पण त्याचा अर्थ असा की यापुढे त्या पेढीच्या नावाने कोणीही गाठ पाठवली तरी ती न तपासता उघडून फडताळात लावायची. ॲप्ट हे काम संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने करतो. त्या गाठीत काय असेल आणि ते उधारीच्या खात्यापर्यंत, बँकेच्या पासवर्डपर्यंत कसे पोहोचेल, याची कल्पना करावी. गिऱ्हाइकांची माहिती ही आपल्याकडे अमानत असते. तिची राखण एका ओळीच्या सोयीसाठी सोडून देता येत नाही.

योग्य मार्ग असा: ज्या कंपनीचे सॉफ्टवेअर आहे तिच्याच संकेतस्थळावर जावे, नव्या किल्लीची सूचना वाचावी आणि किल्ली तेथूनच घ्यावी. दुसऱ्याने पाठविलेली किल्ली घेऊ नये. जुन्या लेखांत ‘ॲप्ट की’ ही आज्ञा सांगितलेली असते. ती आता मोडीत निघाली आहे, तेव्हा असा लेख जुना समजावा. आणि ते सॉफ्टवेअर वर्षभरात वापरलेच नसेल तर पेढीचा पत्ताच काढून टाकावा. जेवढ्या पेढ्या कमी, तेवढ्या किल्ल्या कमी आणि तेवढी काळजी कमी.

याच्या उलटही एक मोह असतो. स्थिर आवृत्तीत हवे ते मिळत नाही म्हणून डेबियनच्या टेस्टिंगचा पत्ता त्यातच जोडणे. दोन आवृत्त्यांचा माल एका फडताळात मिसळला की पॅकेजे एकमेकांशी जुळत नाहीत आणि गुंता सोडविणे जाणकारालाही जड जाते. शिवाय अगदी ताजा माल नेहमीच चांगला नसतो. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघड केले की एक्सझेड नावाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदार बसविले आहे. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या शंकेवरून त्यांनी ते शोधले. तो माल टेस्टिंगसारख्या आवृत्त्यांत पोहोचला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोहोचला नव्हता. थोडा मुरलेला माल घेण्यात शहाणपण असते ते असे.

दुकानाचा शिरस्ता

रोज संगणकाच्या मागे लागण्याची गरज नाही. आठवड्यातून एक दिवस आणि एक वेळ ठरवावी, गर्दी नसलेली. आधी हिशेबाची प्रत, मग अपडेट, मग अपग्रेड, मग संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करणे, एवढाच क्रम असावा. सणाच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर आवृत्ती बदलू नये. आवृत्ती कोणती आणि तिची मुदत कधी संपते हे एका कागदावर लिहून यंत्राला चिकटवावे. विम्याच्या हप्त्याची तारीख जशी लिहून ठेवतो, तशीच ही.

कारागिराला बोलवावे लागले तर त्याला दोन प्रश्न विचारावेत: पहिली चूक कोणती होती, आणि तुम्ही काय बदलले? उत्तर लिहून घ्यावे. ज्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याने फॉरमॅटचे नाव काढले तर संगणक त्याच्या हाती देऊ नये.

आपल्या वस्त्यांत दहावी-बारावी झालेली आणि काम शोधणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. लिनक्सची देखभाल हे असे हुन्नर आहे की त्याला महागडे यंत्र लागत नाही, परवान्याचे पैसे लागत नाहीत; एखाद्याचा जुना संगणक आणि शांतपणे वाचण्याची सवय पुरते. बाजारपेठेतील चार-पाच दुकानांनी मिळून अशा एखाद्या होतकरूला महिन्याच्या ठराविक मोबदल्यावर हे काम सोपविले तर त्याची रोजी चालेल आणि दुकानांचे हिशेब सुरक्षित राहतील.